योगाला प्रयोगशाळेत नेणारे शिक्षक : स्वामी कुवलयानंद

योगासने करायची तर एक सतरंजी आणि रिकामे पोट एवढे भांडवल पुरे, अशी आपल्या वडीलधाऱ्या मंडळींची समजूत होती. आज खेळांच्या साहित्याच्या दुकानात शिरावे तर योगासाठीच एक वेगळे कपाट मांडलेले दिसते. रबरी चटया, पट्टे, बुचाच्या विटा, फोमच्या विटा, लाकडी विटा! घेणारा विचारतो, यातली चांगली कोणती? दुकानदार साहजिकच महागातली पुढे करतो. परंतु ती कोणासाठी चांगली, त्या माणसाची कंबर कशी आहे, त्याचा रक्तदाब किती आहे, हे प्रश्न दोघांच्याही मनात येत नाहीत. कोणते आसन, कोणी, किती वेळ करावे आणि ते कशावरून, हा प्रश्न महाराष्ट्रात पहिल्याने नेटाने ज्यांनी विचारला ते ना डॉक्टर होते, ना मठाधिपती. ते खानदेशातील एका संस्थेत शिकवणारे शिक्षक होते. त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. पुढे जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागले.

गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई या गावी झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे हे शिक्षक, आई सरस्वतीबाई घर सांभाळणाऱ्या. घरची स्थिती बेताची, किंबहुना त्याहूनही खाली; काही काळ तर या कुटुंबाला इतरांच्या मदतीवर दिवस काढावे लागले. अशा घरातला हा मुलगा १९०३ साली मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळवून गेला. ही शिष्यवृत्ती म्हणजे त्या काळच्या मुंबई इलाख्यातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मानाचे पानच. ज्याला ती मिळाली त्याच्या पुढे वकिली, प्राध्यापकी, सरकारी नोकरी अशा वाटा मोकळ्या असत. गुण्यांनी त्यांपैकी एकही धरली नाही. संस्कृत मात्र त्यांच्याबरोबर जन्मभर राहिले आणि पुढे हठयोगाचे जुने ग्रंथ उलगडताना त्यांच्या उपयोगी पडले.

त्यांच्या तरुणपणीचे बडोदे हे सयाजीराव महाराजांचे बडोदे होते. अरविंद घोष तेथे १९०६ पर्यंत शिकवीत होते. विद्यार्थ्यांवर त्यांची छाप विलक्षण होती आणि गुणेही तिच्यातून सुटले नाहीत. पुढे टिळकांच्या चळवळीचे वारे अंगात भरले. देशकार्यासाठी आजन्म ब्रह्मचारी राहण्याचा निश्चय त्यांनी विद्यार्थिदशेतच केला. त्या पिढीतल्या अनेक तरुणांनी असे निश्चय केले होते. ते पाळणारे थोडे निघाले. बडोद्यातच जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्याकडे १९०७ ते १९१० या काळात गुण्यांनी भारतीय पद्धतीच्या व्यायामाचे शिक्षण घेतले. माणिकरावांचा आखाडा म्हणजे नुसते दंड-बैठकांचे ठिकाण नव्हते. मल्लखांब, लाठी, लेझीम यांना शिस्तीत बसवून शेकडो मुलांकडून एकसाथ व्यायाम करवून घेण्याची कला तेथे घडत होती. हाताखालचे शरीर कसे चालते हे बघण्याची दृष्टी गुण्यांना या आखाड्याने दिली असावी, असे मला वाटते. योगी होण्याआधी ते पहिलवानांच्या मातीत उभे राहिले होते, ही गोष्ट त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना विसरून चालत नाही.

शिक्षण संपल्यावर ते अमळनेरला आले. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला आणि १९१६ साली तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. खेड्यापाड्यांतून हिंडताना त्यांनी लोकांचे अज्ञान जवळून पाहिले. अंगारे-धुपारे, नवस-सायास आणि भुताखेतांच्या भीतीत अडकलेला समाज त्यांना दिसला. देशभक्ती हा त्यांचा पहिला धर्म असला तरी नुसत्या घोषणांनी हे लोक उठून उभे राहणार नाहीत, हे त्यांना तेथेच उमगले. १९२० साली राष्ट्रीय वृत्तीचे हे महाविद्यालय इंग्रज सरकारच्या अवकृपेने बंद पडले. गुणे मात्र १९२३ पर्यंत विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृती शिकवीत राहिले. येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. गुण्यांनी अध्यापन सोडले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२४ साली, त्याच अमळनेरच्या शाळेत एक नवे शिक्षक रुजू झाले. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव साने. एका लहानशा गावाने वर्षभराच्या अंतराने एक शिक्षक लोणावळ्याला दिला आणि दुसरा साऱ्या महाराष्ट्राला गुरुजी म्हणून दिला!

योगाशी गुण्यांची खरी गाठ पडली ती १९१९ साली. बडोद्यापासून फार दूर नसलेल्या मालसर या नर्मदाकाठच्या गावी परमहंस माधवदास नावाचे एक वृद्ध बंगाली योगी येऊन राहिले होते. त्यांचे वय शंभरीच्या कितीतरी पुढे गेले आहे, असे शिष्यवर्गात सांगितले जाई. गुणे त्यांचे शिष्य झाले. माधवदासांकडे त्यांनी आसने, बंध, मुद्रा, प्राणायाम हे सारे परंपरेप्रमाणे शिकून घेतले. १९२१ साली माधवदासांनी देह ठेवला. म्हणजे गुरूचा सहवास मिळाला तो अवघा दोनेक वर्षांचा. एवढ्या थोड्या काळात गुरूविषयी अपार भक्ती उत्पन्न झाली, पण गुरूने सांगितलेले कारण जसेच्या तसे मानावे, ही वृत्ती मात्र उत्पन्न झाली नाही. क्रिया गुरूची घ्यावी, तिचे स्पष्टीकरण मात्र आपण तपासावे, अशी एक वेगळीच मर्यादा या शिष्याने आखून घेतली. परंपरेत वाढलेल्या माणसाला ही रेषा ओढणे सोपे नसते.

त्या तपासणीचा पहिला प्रसंग १९२०-२१ सालचा. बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांचे यंत्र होते. गुण्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन तेथे उड्डियान आणि नौली या दोन क्रियांची परीक्षा करायचे ठरवले. ज्यांनी या क्रिया पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी थोडे सांगतो. श्वास पूर्ण बाहेर टाकून, घसा बंद ठेवून बरगड्या फुलवल्या की पोट आत आणि वर ओढले जाते; पाठीला पोट लागते म्हणतात तसे. हे उड्डियान. त्याच स्थितीत पोटाच्या मधोमध उभे असणारे दोन स्नायू आवळून पुढे काढले की पोटावर एखादा खांब उभा राहिल्यासारखा दिसतो. ही नौली. परंपरेत नौलीचा एक उपयोग असा सांगितला आहे की, नाभीइतक्या पाण्यात बसून, वेळूची नळी वापरून बस्ती करताना तिच्या साहाय्याने पाणी आपोआप आतड्यात चढते. का चढते? परंपरेचे उत्तर असे की, अपान वायू ते वर ओढतो.

आता या उत्तरावर समाधान मानणारे हजारो होते, आणि हे सगळेच थोतांड म्हणून नाक मुरडणारे इंग्रजी शिकलेलेही हजारो होते. गुण्यांनी दोघांचेही ऐकले नाही. क्ष-किरणांनी आतड्यांची हालचाल पाहिली. मग लोणावळ्याला आल्यावर १९२४ साली पाऱ्याचा दाबमापक जोडून नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात दाब किती असतो ते मोजले. पाऱ्याने उत्तर दिले. नौली काढताना पोटाच्या पोकळीतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो. आत अंशतः पोकळी निर्माण झाली, वाट मोकळी असली, की बाहेरचे पाणी आत जाणारच. विहिरीवरच्या पंपात पाणी चढते त्यातलाच हा प्रकार. त्यात गूढ काही नाही, पण खोटेही काही नाही. क्रिया खरी ठरली आणि तिचे जुने कारण बदलले. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले. ज्या शोधाने परंपरेचे स्पष्टीकरण बाजूला सारले त्याच शोधावर परंपरेने दिलेल्या गुरूचे नाव कोरायचे, यातली नम्रता आणि धीटपणा दोन्ही मला सारखेच मोलाचे वाटतात.

१९२४ च्या दसऱ्याला लोणावळ्यात कैवल्यधाम या संस्थेची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात योगमीमांसा या इंग्रजी त्रैमासिकाचा पहिला अंक निघाला. जगन्नाथ गुणे हे नाव आता मागे पडले, स्वामी कुवलयानंद हे नाव पुढे आले. लोणावळा तेव्हा रेल्वेचे एक थंड, धुक्याचे, पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य न दिसणारे गाव होते. मुंबईहून श्रीमंत लोक हवा बदलायला येत. तेथे एका बाजूला साधकांच्या खोल्या आणि दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळा असा आश्रम उभा राहिला. योगमीमांसेचे अंक आज उघडून पाहिले तर त्यांची मांडणी ध्यानात येते. एका भागात प्रयोगांचे अहवाल, आकड्यांचे तक्ते, क्ष-किरणांची चित्रे. दुसऱ्या भागात सामान्य वाचकाला समजेल अशा रीतीने आसनांची माहिती. एका आसनाचे वर्णन पानोपाने चालते. टाच कोठे, हनुवटी कोठे, श्वास केव्हा, काहीही वाचकाच्या अंदाजावर सोडलेले नसते. वर्गात फळ्यावर प्रमेय सोडवणाऱ्या शिक्षकाचा हा हात आहे, हे चटकन ओळखू येते. १९२६ च्या सुमारास त्यांनी सर्वांगासन आणि मत्स्यासन करताना रक्तदाब कसा बदलतो याची मोजमापे घेतली. रक्तदाब हा शब्दही आपल्या घरांतून तेव्हा ऐकू येत नव्हता.

प्राणायामाच्या बाबतीत त्यांनी जे केले ते याहूनही अवघड होते, कारण तेथे त्यांच्या स्वतःच्या बाजूच्या लोकांचा हिरमोड होणार होता. सुशिक्षित योगप्रेमी तेव्हा मोठ्या उत्साहाने सांगत की, प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो म्हणून तो लाभदायक. हे ऐकायला शास्त्रीय वाटते आणि आजही अनेक योगवर्गांत ऐकू येते. कुवलयानंदांनी मोजून पाहिले आणि लिहून टाकले की, तेवढ्याच वेळात साध्या श्वसनाने जेवढा ऑक्सिजन मिळतो त्यापेक्षा प्राणायामाने अधिक मिळतो असे दिसत नाही. थोडा विचार केला तर कारणही समजते. निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वासानेच ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. भरल्या घागरीत आणखी ओतून काय होणार? शिवाय प्राणायामात श्वासांची संख्याच कमी होते. तेव्हा प्राणायामाचे महत्त्व शोधायचे तर ते मज्जासंस्थेवरील परिणामांत, छातीतल्या आणि पोटातल्या दाबांच्या बदलांत शोधावे, असे त्यांचे म्हणणे पडले. ज्याची संस्थाच योगाच्या प्रसारासाठी उभी आहे त्याने योगाच्या बाजूचे एक सोयीचे विधान आपल्याच नियतकालिकात खोडून काढावे, ही गोष्ट आजच्या जाहिरातींच्या दिवसांत तर फारच दुर्मीळ म्हणावी लागेल.

१९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आसने आणि प्राणायाम यांवरची त्यांची दोन पुस्तके आली. आज घराघरांत योगाची जी पुस्तके सापडतात त्यांची ही आजी-आजोबा म्हटली तरी चालतील. या पुस्तकांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे शेवटी दिलेल्या सूचना. कोणी काय करू नये, याची ती यादी आहे. ज्याचा कान वाहतो, ज्याच्या डोळ्यांतल्या केशवाहिन्या अशक्त आहेत, ज्याचे हृदय दुर्बळ आहे, त्याने शीर्षासन-सर्वांगासनाच्या वाटेला जाऊ नये. ज्याची पानथरी वाढली आहे त्याने भुजंगासन, शलभासन, धनुरासन टाळावे. ज्याला जुनाट बद्धकोष्ठ आहे त्याने पश्चिमतान फार वेळ धरून बसू नये. ज्याचा रक्तदाब सतत १५० च्या वर किंवा १०० च्या खाली असतो त्याने आपल्या मनाने कोणतीच यौगिक क्रिया सुरू करू नये. शीर्षासन शिकणाऱ्याने तर पाव मिनिटापासून आरंभ करावा आणि डोक्याखाली मऊ घडी घ्यावी. योगाच्या पुस्तकात हे आसन सर्व रोगांचा नाश करते असे वाक्य सापडणे मुळीच कठीण नाही. हे आसन तुझ्यासाठी नव्हे, असे सांगणारे पुस्तक मात्र तोवर विरळाच होते.

त्या मऊ घडीवरून थोडे विषयांतर करतो. योगात बाहेरचा आधार घेणे म्हणजे कमीपणा, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती परंपरेला धरून नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसण्यासाठी दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र अशी बैठक सांगितली आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात आसनांची जी नावे येतात त्यांत सोपाश्रय, म्हणजे आधारासहित असे एक नाव आहे, आणि वाचस्पती मिश्रांनी त्याचा अर्थ योगपट्ट वापरून बसणे असा केला आहे. हंपीच्या प्रचंड नरसिंहाच्या गुडघ्यांभोवती हा पट्टा दगडात कोरलेला आजही दिसतो. पुढे या आधाराचे शास्त्रच करण्याचे काम झाले तेही लोणावळ्यापासून जवळच, पुण्यात. १९३७ साली पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी साध्या विटा, दोर, खुर्ची, भिंत यांच्या मदतीने ताठ अंगाच्या, आजारी आणि वृद्ध माणसांनाही आसने साधतील अशी योजना बसवली. १९७५ साली पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली आणि २०१४ साली ते गेले. आज दुकानात जी योगाची वीट मिळते ती मुख्यतः या पुणेरी विटेची नात. अय्यंगारांची पद्धत आणि कुवलयानंदांची पद्धत वेगळी, गुरुपरंपराही वेगळ्या. त्यांची सरमिसळ करू नये. परंतु वीट निवडायची झाली तर कुवलयानंदांचाच प्रश्न तिला लावावा लागतो. त्रिकोणासनात हात जमिनीला टेकवण्याच्या हट्टापायी छाती मिटत असेल तर वीट उभी, सर्वांत उंच बाजूवर ठेवावी. अंग सैलावत जाईल तशी ती आडवी करावी. हातावर किंवा बैठकीवर भार यायचा असेल तर लाकडाची किंवा बुचाची घ्यावी, कारण मऊ फोम भाराखाली दबतो आणि मनगट डगमगते. लाकूड स्थिर खरे, पण टणक आणि जड. बूच हाताला घट्ट धरते, घामाने निसटत नाही. पाठीखाली घेऊन स्वस्थ पडून राहायचे असेल तर मात्र हलका फोमच बरा, तेथे लाकूड हाडाला बोचते. म्हणजे चांगली वीट अशी काही वस्तू नाही. कोणाच्या कोणत्या अवयवाखाली, हे कळल्याशिवाय तिची किंमत ठरत नाही. असो.

हळूहळू कैवल्यधामाचे नाव देशभर झाले. १९२७ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राच्या दौऱ्यात गांधीजींची प्रकृती बिघडली आणि रक्तदाब वाढल्याचे आढळले. त्या वर्षी त्यांचा कुवलयानंदांशी आसने आणि रक्तदाब यांविषयी पत्रव्यवहार झाला. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची हौस असलेली ही दोन माणसे एकमेकांना भेटली नसती तरच नवल. मुंबईत १९३२ साली सांताक्रूझला संस्थेची शाखा निघाली आणि १९३६ साली ती मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र या नावाने स्थिरावली. समुद्रासमोरच्या त्या वास्तूत मुंबईचे व्यापारी, वकील, कारकून पहाटे येऊन पोट आत ओढायला शिकू लागले.

बाहेरच्या जगानेही दखल घेतली. येल विद्यापीठातून कोवूर बेहानन हे केरळचे तरुण मानसशास्त्रज्ञ लोणावळ्याला आले, स्वामीजींच्या हाताखाली स्वतः योग शिकले आणि १९३७ साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी एक निष्कर्ष असाही दिला आहे की, प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या बेरजेसारख्या साध्या मानसिक चाचण्यांत आपला वेग काही काळ कमी होतो. योगाने बुद्धी तल्लख होते असे म्हणणाऱ्यांना हा निष्कर्ष आवडणारा नव्हता. १९५७ साली वेंगर आणि बागची हे अमेरिकेतून आलेले संशोधक यंत्रे घेऊन भारतभर फिरले, तेव्हा लोणावळ्याच्या साधकांचीही त्यांनी तपासणी केली. हृदय बंद पाडण्याचा दावा करणाऱ्या योग्यांविषयी त्यांचा आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांचा निबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला. मनगटावरची नाडी लागेनाशी होते, छातीतले ठोके ऐकू येईनासे होतात, पण हृदयाचा विद्युत्-आलेख चालूच राहतो. श्वास कोंडून छातीत दाब वाढवला की हृदयाकडे परत येणारे रक्त घटते, त्याचा हा परिणाम, असे त्यात दिसून आले. यंत्रांना आश्रमात वाट दिली की ती यजमानाचे मन राखून बोलत नाहीत, हे स्वामीजींना ठाऊक होते. पाऱ्याने एकदा आपल्या बाजूने कौल दिला म्हणून पुढेही तो तसाच देईल, असा भरवसा त्यांनी कधी धरलेला दिसत नाही.

त्यांच्या कामात एक विसंगती मला नेहमी खटकत आली आहे. एकेका माणसाची प्रकृती पाहून क्रिया ठरवावी असे सांगणाऱ्या या माणसाने मुंबई इलाख्यातील शारीरिक शिक्षणाच्या कामात हिरिरीने भाग घेतला आणि शाळांतील मुलांसाठी आज्ञेवर करण्याचा यौगिक संघव्यायाम बसवला. शिट्टी वाजली की शंभर मुलांनी एकदम वाकायचे! यात माणिकरावांचा आखाडा बोलत होता. देश गुलाम, मुले अशक्त, शिक्षक थोडे, अशा स्थितीत प्रत्येकाची नाडी पाहत बसणे शक्य नव्हते हे खरे. तरीही पुस्तकातली ती सावध यादी आणि मैदानावरची ती शिट्टी यांचा मेळ त्यांनी कसा घातला असेल, हा प्रश्न उरतोच. आपल्या शाळा-महाविद्यालयांत योगदिनाला जे होते ते पाहिले तर शिट्टीचा वारसा आपण पूर्ण उचलला, यादीचा विसरलो, असे म्हणावेसे वाटते.

स्वातंत्र्यानंतरची त्यांची वर्षे संस्था बांधण्यात गेली. १९५१ साली लोणावळ्यात गोरधनदास सेक्सरिया योग महाविद्यालय सुरू झाले. योगाचे शिक्षक रीतसर अभ्यासक्रमातून तयार व्हावेत, ही कल्पना आज सर्वत्र रुळली आहे. तेव्हा ती नवी होती. १९५८ साली शुक्ल यांच्या सहकार्याने त्यांनी गोरक्षशतकाची संपादित आवृत्ती काढली. १९०३ साली शिष्यवृत्ती मिळवणारा संस्कृतचा विद्यार्थी पंचाहत्तरीतही पाठभेद तपासत बसला होता. १९६१ साली योगोपचारांचे रुग्णालय निघाले, आणि १९६३ साली डॉ. विनेकर यांच्यासह लिहिलेले यौगिक चिकित्सेवरील पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने प्रसिद्ध केले. कोणत्या तक्रारीला कोणती क्रिया द्यावी आणि कोणती देऊ नये, याचा त्यात विचार आहे. तीस वर्षांपूर्वीची ती यादी आता डॉक्टरांच्या हाती देता येईल अशी झाली होती.

एवढे करूनही कुवलयानंद निव्वळ संशोधक नव्हते. त्यांना साधायचे होते ते कैवल्य. संस्थेच्या नावातच ते आहे. आतड्यातला दाब, रक्ताचा दाब, श्वासातला वायू हे सारे त्यांनी मोजले, परंतु ज्यासाठी माधवदासांच्या पायाशी बसले ते मोजण्याचे यंत्र त्यांना मिळाले नाही, आणि ते मिळाले असल्याचा आवही त्यांनी आणला नाही. पहाटेची साधना आणि दिवसाची प्रयोगशाळा अशी दोन दालने त्यांनी शेजारी ठेवली, मधले दार उघडे ठेवले, पण एकातले सामान दुसऱ्यात नेऊन ठेवले नाही.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले. त्यांच्या मागे लोणावळ्यात आणखी एका लोकप्रिय चमत्काराची परीक्षा पुरी झाली, ती म्हणजे जमिनीत पुरून घेण्याची. हवाबंद खड्डा तयार करून त्यात माणसे बसवण्यात आली, आतल्या हवेचे नमुने घेण्यात आले, आणि १९६८ साली करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. खड्ड्यात बसलेल्यांत योगाचा अभ्यास केलेले होते आणि न केलेलेही होते. दोघेही अनेक तास राहू शकले. कोंडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि एका मर्यादेला सर्वांनाच वर यावे लागते, असे त्यात आढळले. हा अहवालही स्वामीजींच्या पद्धतीप्रमाणे तक्त्यांसह, आहे तसा छापला गेला.